सोरायसिसच्या गोळ्या : मात्रा पायरीपायरीने का वाढवतात?

सोरायसिससाठी पोटात घेण्याची गोळी डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून दिली की घरात दोन प्रश्न हटकून निघतात. पहिला त्याच दिवशी : "एवढ्याशा मात्रेने काय होणार?" दुसरा तीन-चार आठवड्यांनी : "अजून फरक नाही, मग एखादी गोळी वाढवली तर काय बिघडले?" दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. वर्षानुवर्षे कोपरांवर चट्टे, डोक्यात खपल्या, गडद कपड्यांवर पडणारा कोंडा आणि लोकांच्या नजरा सोसलेल्या माणसाला लवकर मोकळे व्हायचे असते. पण या आजाराच्या काही गोळ्या अशा आहेत की त्यांची मात्रा ठरलेल्या अंतराने, तपासण्या पाहूनच वाढवावी लागते. ही पायरी रुग्णाने स्वतःच्या मनाने गाळली, तर चट्टे लवकर जाणे दूरच, जीवावर बेतू शकते.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या हर्नडनसारख्या गावी हा विषय आणखी नाजूक होतो. हे गाव डलस विमानतळाला अगदी लागून आहे. या परिसरात मुलामुलींकडे राहायला ठाण्याहून, मुंबईहून, कधी लोद-अश्दोदहून आईवडील येतात आणि सहा महिने राहतात. त्यांच्या बॅगेत तिकडच्या गोळ्या असतात आणि त्या संपल्या की इकडच्या फार्मसीतल्या येतात. एकाच औषधाची दोन देशांतली दोन पाकिटे एकाच कपाटात येतात, आणि खरा धोका तिथे असतो. त्याकडे पुढे येऊच. आधी औषधांचा हिशेब समजून घेऊ.

गोळी कधी लागते?

सोरायसिस हा संसर्गजन्य आजार नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकीचा इशारा देते आणि त्वचेच्या पेशी गरजेपेक्षा फार वेगाने तयार होतात. त्यामुळे जाड, खपलीचे चट्टे येतात. थोड्या जागेवर असेल तर मलम पुरते. अंगाचा बराच भाग व्यापला असेल, तळहात, तळपाय, डोके किंवा गुप्त जागी त्रास असेल, किंवा सांधे दुखून सुजत असतील, तर गोळ्या, प्रकाशोपचार किंवा इंजेक्शने यांचा विचार होतो. सकाळी बोटे आखडणे, टाच दुखणे ही लक्षणे त्वचारोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. सोरायसिसचा संधिवात वेळेवर ओळखला नाही तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी आणि नॅशनल सोरायसिस फाउंडेशन या दोन संस्थांनी २०२० मध्ये या गोळ्यांविषयी एकत्रित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते : प्रत्येक औषधाची मात्रा वाढवण्याची रीत वेगळी आहे, कारण प्रत्येकाचा त्रास वेगळ्या जागी होतो.

सहा दिवसांचे औषध : ॲप्रेमिलास्ट

ॲप्रेमिलास्टला अमेरिकेत सोरायसिससाठी सप्टेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. येथे ते ओटेझला या नावाने मिळते. याच्या सुरुवातीच्या पाकिटात १०, २० आणि ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या क्रमाने लावलेल्या असतात. पहिल्या दिवशी सकाळी १०. दुसऱ्या दिवशी सकाळी १०, संध्याकाळी १०. तिसऱ्या दिवशी सकाळी १०, संध्याकाळी २०. चौथ्या दिवशी दोन्ही वेळा २०. पाचव्या दिवशी सकाळी २०, संध्याकाळी ३०. सहाव्या दिवसापासून दोन्ही वेळा ३० मिलिग्रॅम.

येथे पायऱ्यांचे कारण पोट आहे. मळमळ, जुलाब आणि डोकेदुखी हे याचे मुख्य त्रास, आणि ते बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतात. एकदम ३० मिलिग्रॅम घेतले तर हा त्रास वाढतो आणि रुग्ण औषधच सोडून देतो. सावकाश गेले की आतड्यांना सवय होते. ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांना काही डॉक्टर सहा दिवसांऐवजी आणखी सावकाश वर नेतात. तसे हवे असेल तर विचारा, पण गोळी तोडून किंवा कुटून मात्रा कमी करू नका. ही गोळी अख्खीच गिळायची असते.

मूत्रपिंडाचे काम फारच कमी झालेल्या रुग्णाची शेवटची मात्रा दिवसातून एकदाच ३० मिलिग्रॅम असते. अशा रुग्णाने पाकिटातल्या फक्त सकाळच्या गोळ्या घ्यायच्या असतात. वयस्कर आईवडिलांचा क्रिॲटिनिनचा जुना रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायला विसरू नका. या औषधाने वजन घटू शकते आणि क्वचित मन उदास होते. घरच्यांनी तिकडेही लक्ष ठेवावे. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन सोबत चालू असेल तर ॲप्रेमिलास्टचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो.

आठवड्याचे औषध : मेथोट्रेक्सेट

भारतात आणि अमेरिकेत सोरायसिससाठी सर्वाधिक अनुभव असलेली गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. ती स्वस्त आहे आणि सांध्यांवरही उपयोगी पडते. महाग औषधाचे पैसे देण्याआधी ही वापरून पाहा, असे अमेरिकेतल्या विमा कंपन्या अनेकदा सांगतात. हिच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो : सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापायला लावला आहे.

या औषधाच्या मागे आपल्या मुंबईचा एक धागा आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज संशोधक मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून अभ्यास केला. (त्याच वर्षी आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा हॉस्पिटलची सूत्रे हाती घेतली.) यीस्टच्या अर्काने या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातले ते द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. नवीन पेशी बनायला ते लागतेच लागते.

मग उलटा विचार झाला. जिथे पेशी नको तितक्या वेगाने वाढतात तिथे फॉलिक ॲसिडचे काम अडवले तर? आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतील गटाने अशी अडवणारी द्रव्ये तयार केली. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले. संधिवाताच्या रुग्णांना ते देताना सोरायसिसचे चट्टे निवळतात, हे १९५१ मध्ये गुबनर यांनी नोंदवले. पुढे त्याची जागा मेथोट्रेक्सेटने घेतली. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि फ्रॉस्ट यांनी आठवड्यातून एकदाच, १२-१२ तासांच्या अंतराने तीन भागांत मात्रा देण्याची पद्धत मांडली. आज बहुतेक डॉक्टर संपूर्ण मात्रा एकाच वेळी देतात, काही अजून तीन भाग करतात. तुमच्या कागदावर काय लिहिले आहे तेच पाळा.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे. जे औषध पेशींची वाढ रोखते ते फक्त चट्ट्यांपुरते थांबत नाही. हाडांतल्या मगजात रक्तपेशी बनतात, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरात पेशी सतत नव्या होतात, त्यांनाही ते गाठते. शिवाय ते शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडातून आणि दीर्घकाळ ताण देते तो यकृताला. म्हणून सुरुवातीची लहान मात्रा ही एक परीक्षा असते. ५ ते १० मिलिग्रॅम देऊन साधारण आठवड्याने रक्तपेशी तपासतात. सर्व ठीक असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी २.५ ते ५ मिलिग्रॅमने वाढवत नेतात. अनेकांना १५ मिलिग्रॅमच्या आसपास गुण येतो. आठवड्याला २५ मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. वयस्कर माणसात किंवा मूत्रपिंड मंद असेल तर सुरुवात आणखी खालून होते, आणि कधी कधी हे औषध टाळावेच लागते.

प्रत्येक वेळी मात्रा वाढवली की पुन्हा रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या होतात. रिपोर्ट न पाहता पुढची मात्रा घेणे म्हणजे रस्त्यावर न पाहता तो ओलांडणे होय. सुरू करण्याआधी कावीळ बी व सी यांचीही चाचणी करतात. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात, त्यामुळे मळमळ आणि तोंड येणे कमी होते. ज्या दिवशी मेथोट्रेक्सेट असेल त्या दिवशी फॉलिक ॲसिड घेऊ नका, असे बरेच डॉक्टर सांगतात.

सहा गोळ्या म्हणजे किती?

आता त्या कपाटातल्या दोन पाकिटांकडे येऊ. अमेरिकेत मेथोट्रेक्सेटची गोळी बहुधा २.५ मिलिग्रॅमची मिळते. १५ मिलिग्रॅमसाठी आठवड्याला सहा गोळ्या घ्याव्या लागतात. भारतात २.५ बरोबरच ५, ७.५, १० आणि १५ मिलिग्रॅमच्या गोळ्याही सर्रास मिळतात. समजा, हर्नडनमध्ये सहा गोळ्यांची सवय झालेल्या वडिलांना मुंबईहून ७.५ मिलिग्रॅमचे पाकीट आले आणि त्यांनी सवयीने सहा गोळ्या घेतल्या, तर पोटात ४५ मिलिग्रॅम गेले. उलट, भारतात ७.५ च्या दोन गोळ्या घेणाऱ्या आईने येथे २.५ च्या दोन घेतल्या तर ५ मिलिग्रॅमच मिळाले. चट्टे परत येतात, डॉक्टरांना वाटते औषध लागू पडत नाही, आणि मात्रा वाढवली जाते.

फॉलिक ॲसिडचा घोळ वेगळाच. अमेरिकेत ते बहुधा १ मिलिग्रॅमचे रोज देतात, भारतात ५ मिलिग्रॅमचे आठवड्यातून एक किंवा काही दिवस. दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान आणि पिवळसर. चष्मा न लावता घेतल्या तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही, आणि मग फॉलिक ॲसिड समजून मेथोट्रेक्सेट रोज पोटात जाते.

यावर उपाय सोपे आहेत. मात्रा कधीही "किती गोळ्या" अशी लक्षात ठेवू नका, "किती मिलिग्रॅम" अशी ठेवा. घरात एका वेळी एकाच ताकदीची गोळी ठेवा. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड वेगवेगळ्या खोक्यांत ठेवा. आठवड्याचा वार ठरवा आणि पूर्ण अक्षरांत कॅलेंडरवर लिहा. आपल्या घरांत आठवडा शब्बाथपासून शब्बाथपर्यंत मोजला जातो, तेव्हा शब्बाथ संपल्यानंतरची शनिवारची रात्र किंवा गुरुवारची रात्र असा न विसरता येणारा वार निवडा. त्या वाराची मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला फोन करा.

बाकीच्या गोळ्या

सायक्लोस्पोरिन लवकर गुण देते, पण रक्तदाब आणि मूत्रपिंड यांवर ताण आणते. अमेरिकेतल्या माहितीपत्रकाप्रमाणे सुरुवात रोज प्रत्येक किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅमने, दोन वेळांत विभागून. चार आठवड्यांत पुरेसा गुण नसेल तर दर दोन आठवड्यांनी ०.५ ने वाढ, जास्तीत जास्त ४ पर्यंत. क्रिॲटिनिन किंवा रक्तदाब वाढला तर मात्रा मागे घेतात. अमेरिकेत सलग एका वर्षाहून अधिक हे देत नाहीत. यासोबत ग्रेपफ्रूट वर्ज्य. आपले पपनस त्याच कुळातले, तेही टाळा.

ॲसिट्रेटिनची मात्रा साधारण रोज १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि ओठ किती कोरडे पडतात, रक्तातली चरबी किती वाढते, हे पाहत पुढे सरकते. हे औषध गर्भाला घातक आहे आणि थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. त्यामुळे तरुण स्त्रियांना ते सहसा देतच नाहीत. मेथोट्रेक्सेटही गर्भाला घातक आहे. शेवटच्या मात्रेनंतर स्त्रीने सहा महिने आणि पुरुषाने तीन महिने थांबावे, असे अमेरिकेतले माहितीपत्रक सांगते. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी हे डॉक्टरांशी संकोच न करता बोलावे.

सगळ्याच गोळ्यांना पायऱ्या नसतात. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ड्यूक्रावासिटिनिब पहिल्या दिवसापासून ६ मिलिग्रॅम रोज असेच घेतात. म्हणून शेजाऱ्याच्या औषधाची रीत आपल्या औषधाला लावू नये.

औषध लागू पडते आहे की नाही?

मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, पूर्ण परिणाम कळायला चार ते सहा महिने. ॲप्रेमिलास्टचेही खरे मोजमाप साधारण चार महिन्यांनी होते. तोवर मात्रा पुरेशी नाही असे ठरवणे घाईचे.

आपल्या सावळ्या त्वचेची आणखी एक गंमत आहे. गोऱ्या त्वचेवर चट्टे गुलाबी दिसतात, आपल्यावर ते जांभळट किंवा तपकिरी दिसतात. आणि आजार बरा झाल्यावरही त्या जागी काळसर डाग कित्येक महिने राहतात. डाग आहे म्हणजे आजार आहे, असे नाही. बोट फिरवून पाहा : जागा सपाट आणि मऊ लागली, खपली नसली, तर औषधाने काम केले आहे. डाग घालवण्यासाठी मात्रा वाढवून उपयोग नसतो.

ऋतूही फसवतो. मुंबईच्या दमट हवेतून माणूस व्हर्जिनियाच्या हिवाळ्यात येतो. बाहेर कोरडी थंडी, आत हीटर. चट्टे वाढतात आणि दोष गोळीला जातो. अशा वेळी आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात करून ओल्या अंगावर घट्ट मलम किंवा व्हॅसलिन लावणे, हे आधी करून पाहावे. उलट उन्हाळ्यात, किंवा इस्रायलला जाऊन मृत समुद्राकाठी तीन-चार आठवडे राहिल्यावर अंग स्वच्छ होते, आणि लोक गोळी सोडून देतात. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीपेक्षा ४०० मीटरहून अधिक खाली आहे. तिथे ऊन बरेच गाळून येते, म्हणून तो उपचार म्हणून नावाजलेला आहे. पण तो गुण कायमचा टिकत नाही. गोळी चालू असताना जायचे असेल तर आधी विचारा, कारण मेथोट्रेक्सेट व ॲसिट्रेटिन घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने लवकर भाजू शकते.

उतरतानाही विचारून

चट्टे गेले की डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करून, गुण टिकवणारी सर्वांत लहान मात्रा शोधतात. हे काम तितकेच महत्त्वाचे आहे. सर्वांत जास्त जपायचे ते स्टेरॉइडच्या गोळ्यांना. ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या या गोळ्यांनी चट्टे पटकन दबतात, पण त्या थांबवल्या की सोरायसिस उसळून येतो, कधी अंगभर पुवाच्या पुळ्या येतात. कोणी आधीच बरेच दिवस त्या घेत असेल तर एकदम बंदही करू नये. डॉक्टरांना खरे सांगून, त्यांच्या देखरेखीखाली उतरावे.

प्रवास, उपवास आणि इतर औषधे

परदेशी पाहुण्यांनी सोबत साधारण ९० दिवसांपुरते औषध, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावे, असे अमेरिकेचे औषध प्रशासन सांगते. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर उरलेल्या तीन महिन्यांची सोय आधीच पाहावी लागते. पाहुण्यांचा विमा जुन्या आजाराचा खर्च बहुधा देत नाही, रक्ततपासणीही त्यात आली. तेव्हा विमानात बसण्याच्या आठवड्यात नवी मात्रा सुरू करू नका. स्थिर मात्रेवर या, निघण्यापूर्वी रक्त तपासा आणि रिपोर्टची प्रत सोबत ठेवा.

योम किप्पूर, म्हणजे आपल्या आजी ज्याला दारफाळणी म्हणत, त्या सणाचा उपवास सुमारे २५ तासांचा आणि पाण्याविना. शरीर कोरडे पडले की मेथोट्रेक्सेट बाहेर टाकणे मूत्रपिंडाला जड जाते. सणाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून त्या आठवड्याची मात्रा कधी घ्यायची, उपवास करायचा की नाही, हे ठरवून घ्या.

लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सहज दिले जाणारे सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम मेथोट्रेक्सेटसोबत घेतल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात. तातडीच्या दवाखान्यात गेलात तर मेथोट्रेक्सेटचे नाव पहिले सांगा. दुखण्याच्या गोळ्या आणि दारू यांबद्दलही आधी विचारा.

तोंडात फोड, ताप, अंगावर विनाकारण निळे डाग, कोरडा खोकला किंवा धाप, डोळे पिवळे होणे, सतत उलट्या-जुलाब : यांपैकी काही दिसले तर पुढची मात्रा थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मेथोट्रेक्सेट जास्त गेले असे कळले तर लक्षणांची वाट पाहू नका. त्यावर ल्युकोव्होरिन हा उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. अमेरिकेत कुठूनही विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालतो. माणूस अत्यवस्थ असेल तर ९११.

शेवटी एक काम आजच करा. एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा : औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, कोणता वार किंवा कोणती वेळ, पुढची रक्ततपासणी कधी, आणि मात्रा बदलण्याचा निर्णय कोणत्या डॉक्टरांचा. तो फ्रिजवर लावा आणि त्याचा फोटो मुलांच्या फोनमध्ये ठेवा. मात्रा बदलली की जुना कागद फाडून नवा लावा.